विश्लेषण : शाळा घरीच, मग सुट्टी कुणाला? होमस्कूलिंग करणारे पालक का थकतात?

2016 मध्ये मुंबईच्या मालविका जोशीला दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राशिवाय अमेरिकेतल्या 'एमआयटी'त प्रवेश मिळाला आणि होमस्कूलिंगची मोठी चर्चा झाली. तिला घरी शिकवण्यासाठी तिच्या आईने नोकरी सोडली होती. यशोगाथा शेअर करताना हा भाग मागे पडतो. घरची शाळा चालवणं हे पूर्णवेळ काम आहे आणि बहुतेकदा ते एकाच माणसाच्या अंगावर पडतं.

बर्नआउट म्हणजे नेमकं काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या 'आयसीडी-11' या वर्गीकरणात बर्नआउट ही संज्ञा फक्त नोकरी-व्यवसायातल्या ताणासाठी आहे. घरी शिकवणारी आई किंवा वडील त्यात बसत नाहीत.

बेल्जियममधल्या संशोधक इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलायझॅक यांनी पालकांच्या बर्नआउटचा स्वतंत्र अभ्यास केला. त्यांनी चार खुणा सांगितल्या : पालक म्हणून आलेला टोकाचा थकवा, 'आपण आधी असे नव्हतो' ही बोच, पालकपण नकोसं होणं आणि मुलांपासून मनाने दुरावणं. म्हणजे जेवण, अंघोळ, अभ्यास सगळं वेळेवर होतं, पण मुलाशी दोन शब्द बोलायचंही त्राण उरत नाही.

होमस्कूलिंगमध्ये हे का घडतं?

मूल शाळेत जातं तेव्हा पालकांना दिवसाचे पाच-सहा तास मोकळे मिळतात. मुलाकडे पाहणारी इतर मोठी माणसंही असतात. होमस्कूलिंगमध्ये या दोन्ही गोष्टी जातात आणि घरकाम मात्र तेवढंच राहतं.

केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या महिला त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात, तर पुरुष 88 मिनिटं. या वाटणीत शिकवण्याचे तास वाढले की ते कुणाच्या वाट्याला येणार, हे उघड आहे.

मार्ग काय?

* वेळापत्रक कमी करा : शाळेचा तास वर्गभर मुलांसाठी आखलेला असतो. एकट्या मुलाला शिकवताना तेवढे तास लागत नाहीत.
* विषय वाटून घ्या : 'मदत करतो' पुरेसं नाही. गणित बाबांचं ठरलं, तर त्याची तयारीही बाबांची.
* ठरलेली सुट्टी घ्या : आजी-आजोबा, शेजारी किंवा दुसरं होमस्कूलिंग कुटुंब यांच्याकडे आठवड्यातली एक दुपार सोपवा.
* परीक्षेची धास्ती आवरा : 'एनआयओएस'ची दहावीची परीक्षा 14 वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. सातव्या-आठव्या वर्षीच तिचा धसका नको.

थांबायचं ठरवलं तर?

परतीची वाट खुली आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 4 नुसार, शाळेत न गेलेल्या सहा वर्षांवरील मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही त्याला आहे. हा कायदा 6 ते 14 वयोगटासाठी आहे. त्यामुळे निर्णय बदलायचा असेल, तर तो याच वयात घेतलेला सोपा.

झोप उडाली असेल, मुलावर हात उगारला जात असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर वेळापत्रक बदलून भागणार नाही. केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस'च्या 14416 या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं, मराठीतही.