फोटो निघाला, पुढे?

आमच्या तालुक्याला गर्भाशयमुख पाहायचा कॅमेरा येणार म्हणतात. येऊ दे. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून मला तो हवाच आहे. पण सोबत आणखी काय येणार, ते आधी सांगा.

आजवरची रीत साधी. पिशवीच्या तोंडाला अ‍ॅसेटिक आम्लाचा बोळा लावायचा, मिनिटभर थांबायचं. पेशी बिघडू लागल्या असतील तिथे पांढरा चट्टा उठतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने दहावी झालेल्या सेविकांकडून दर दोन वर्षांनी ही तपासणी करवली, तेव्हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. आमच्या धाराशिव जिल्ह्यात मात्र एकदाच केलेल्या तपासणीला तसा गुण आला नाही. इथे एचपीव्ही विषाणूच्या चाचणीने मृत्यू निम्म्यावर आणले. चट्टा पाहणारा डोळा किती तयार आहे, यावर बरंच ठरतं. टॉर्चच्या उजेडात साधी सूजही फसवते.

कॅमेरा इथे कामाला येतो. पुण्यात तयार झालेला स्मार्ट स्कोप असो की अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा खिशात मावणारा कोल्पोस्कोप, चित्र मोठं दिसतं, जपून ठेवता येतं, आणि सिस्टरला शंका आली तर माझ्यापर्यंत पोचतं. बाईलाही दाखवता येतं. ‘यात चेहरा येत नाही ना?’ असं बायका आधी विचारतात, आणि बरोबर विचारतात. हे फोटो कुणाच्या खासगी मोबाइलवर राहता कामा नयेत.

खरा घोळ त्यापुढचा. शिबिरात चट्टा सापडतो, हातात चिठ्ठी पडते: जिल्ह्याला जा. इकडे सोयाबीनची काढणी, दिवसभराची मजुरी बुडणार, घरी काय सांगायचं तेही कळत नाही. त्यात ‘मला तर काहीच त्रास नाही’. या टप्प्यावर तो खरंच नसतो. अशी एक चिठ्ठी माझ्या टेबलावर दोन वर्षांनी आली, बाईच्या अंगावरून रक्त जायला लागल्यावर.

चट्टा पूर्ण दिसत असेल, आत शिरलेला नसेल आणि कर्करोगाची शंका नसेल, तर हातात धरायच्या बॅटरीवरच्या यंत्राने तो तिथल्या तिथे जाळता येतो. थर्मल अ‍ॅब्लेशन म्हणतात. काही मिनिटांचं काम, बहुधा भूलही लागत नाही. चट्टा या अटींत बसतो का, हे पडताळायला कॅमेऱ्याचाच उपयोग. मग कॅमेऱ्याची निविदा वेगळी आणि या यंत्राची फाइल वेगळी कशासाठी? दोन्ही एकाच पेटीत येऊ देत, आणि ती चालवायला शिकलेल्या सिस्टरची वर्षभरात बदली करू नका. म्हणजे ज्यांना खरोखर बायोप्सी किंवा शस्त्रक्रिया हवी, तेवढ्याच बायकांना जिल्ह्याला पाठवावं लागेल.