परत आलेला धनादेश

जुन्या गिऱ्हाइकाचा पाच लाखांचा धनादेश खात्यात शिल्लक नसल्याने परत येतो. दोन पिढ्यांचा संबंध. 'थोडे थांबा' या शब्दावर व्यापारी विसंबतो. काही महिन्यांनी तो वकिलाकडे जातो, तेव्हा नोटिशीची मुदत टळलेली असते आणि धनादेशाची तीन महिन्यांची वैधताही संपलेली असते. मग उरतो तो दिवाणी दावा, आणि त्यास रकमेच्या प्रमाणात न्यायालय शुल्क भरावे लागते. भिडेची किंमत ही अशी मोजावी लागते.

परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ चा सारा भर तारखांवर आहे. धनादेश परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यावर देणेकऱ्यास १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात फिर्याद. फिर्यादीस झालेला उशीर सबळ कारण असल्यास न्यायालय माफ करू शकते. नोटिशीच्या उशिरास तशी सवलत नाही. २०१५ च्या दुरुस्तीने खात्यात भरलेल्या धनादेशाची फिर्याद घेणेकऱ्याचे खाते ज्या शाखेत आहे तेथील न्यायालयात करता येते. परगावच्या खेपा वाचतात.

वकिलाची फी दर तारखेची की एकरकमी, हे आरंभीच लिहून घ्यावे. वसूल रकमेतील टक्का फी म्हणून ठरविणे वकिलांच्या आचारनियमांत बसत नाही.

१ सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या कलम १४३-अ नुसार खटला चालू असतानाच रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई मिळू शकते. पाच लाखांवर ती एक लाखापर्यंत जाते. ती हक्काची मात्र नव्हे. न्यायाधीशांच्या विवेकाधीन आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये स्पष्ट केले. आरोपी निर्दोष सुटल्यास ती व्याजासह परत करावी लागते.

तडजोडीचे दार अखेरपर्यंत उघडे असते. पण उशिराचा भार आरोपीवर पडतो. सप्टेंबर २०२५ मध्ये गोव्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० चे दर बदलले. बचावाचा पुरावा नोंदविण्यापूर्वी रक्कम दिल्यास जादा खर्च नाही. त्यानंतर निकालापूर्वी ५ टक्के, सत्र वा उच्च न्यायालयात साडेसात, सर्वोच्च न्यायालयात १० टक्के. पाच लाखांवर हा भार पंचवीस ते पन्नास हजारांचा होतो, आणि तो घेणेकऱ्याच्या हाती येत नाही.

नोटीस पाठविणे म्हणजे वैर धरणे नव्हे. वेळेवर गेलेली नोटीस तडजोडीची वाट खुली ठेवते. टळलेली मुदत पैसा आणि संबंध दोन्ही गमावते.