सोन्याचा हिशेब आहे, विहिरीचा नाही

रायचूर, गुलबर्गा, यादगीर ही नावे आपल्या जुन्या घरांना परकी नाहीत. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख आणि मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होता, आणि पुष्कळांच्या सोयरिकी आजही तिकडे आहेत. भाषावार सीमा आखल्या गेल्या म्हणून तिकडच्या पाण्याविषयी आपण गप्प बसावे, हे आम्हांस पटत नाही.

कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्यामधला हा दुआब. बहामनी आणि विजयनगर यांनी त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या रक्त सांडले, पण पाऊस वर्षाकाठी सहाशे मिलिमीटरच्या आसपासच. कालव्याखालचे शिवार सोडले तर बाकीची भिस्त विहिरीवर आणि बोअरवर. याच जिल्ह्यात लिंगसुगूर तालुक्यात हट्टीची सोन्याची खाण आहे. निजामी अमदानीत १९४७ साली तिच्यासाठी कंपनी स्थापन झाली. आज ती कर्नाटक सरकारची आहे. येथील खोदकाम त्याहून फार जुने, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. शेजारच्या मस्कीचा अशोकाचा शिलालेखसुद्धा १९१५ साली सापडला तो बीडन नावाच्या सोने शोधणाऱ्या इंजिनियरला!

इथला खडक कठीण. पाणी मुरते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत, तेवढेच. भूमिगत खाण चालवायची तर या भेगांतून झिरपणारे पाणी रात्रंदिवस उपसावे लागते. त्या भेगा कुणाच्या विहिरीला जाऊन मिळत असतील, तर तिची पातळी उतरते. कोणती विहीर उतरेल आणि कोणती नाही, हे वर्षानुवर्षे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणूनच ‘खाणीचा काही संबंध नाही’ हे सरकारी उत्तर आणि ‘सगळे खाणीनेच केले’ ही गावची तक्रार, दोन्ही मोजमापावाचून पोकळ आहेत.

पातळीपेक्षाही काळजीचा विषय आहे तो आर्सेनिकचा, म्हणजे सोमलाचा. सोन्याच्या खडकात ते निसर्गतःच असते. खडक फोडून, दळून, सोने काढून उरलेला गाळ उघड्यावर पडला की हवापाण्याने ते सुटू शकते. यादगीर जिल्ह्यात मंगळूरची (समुद्रकाठचे मंगळूर नव्हे) सोन्याची खाण बंद पडली आहे. तिच्या परिसराचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ५९ बोअरपैकी ७९ टक्क्यांत आर्सेनिक लिटरला १० मायक्रोग्रॅम या मर्यादेपेक्षा जास्त होते. एका ठिकाणी ३०३. तपासलेल्या माणसांपैकी निम्म्याहून अधिकांच्या कातडीवर त्याच्या खुणा होत्या. खाण बंद होते, पाणी मात्र लोक पीतच राहतात.

कोलारकडे पाहा. २८ फेब्रुवारी २००१ रोजी तिथल्या खाणी बंद झाल्या, पंप थांबले आणि तीन किलोमीटरहून खोल गेलेल्या त्या बोगद्यांत पाणी चढत गेले. वर गाळाचे डोंगर अजून उभे आहेत. त्याच कोलार जिल्ह्यात तलाव भरण्यासाठी २०१८ पासून बंगळूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी आणावे लागत आहे.

सरकार कोणत्याही पक्षाचे असो, आमचे मागणे एकच आहे. खाणीतून रोज किती पाणी उपसले आणि भोवतालच्या विहिरींची पातळी व आर्सेनिक किती, हे दर सहा महिन्यांनी कन्नडमध्ये ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजे. पैसा नाही, ही सबब नको. २०१५ च्या खाण कायद्यातील दुरुस्तीने जिल्हा खनिज निधी आला आणि त्याच्या अग्रक्रमाच्या कामांत पिण्याचे पाणी आहेच. नवी खाण काढायची वा बंद खाण पुन्हा उघडायची तर नदीचे पाणी आधी गावात पोहोचावे, करारावरची सही नंतर.

ज्या सभासदांची शेतीवाडी अजून तिकडे आहे, त्यांनी आपल्या बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल काढून पाहावा. क्षार आणि फ्लोराइड यांचे आकडे बहुधा असतील, पण आर्सेनिकची तपासणी मुद्दाम सांगून करून घ्यावी लागते. आणि हे पाणी उकळून भागत नाही. उकळल्याने पाणी आटते, आर्सेनिक जागच्या जागी राहते.