तूप बंद, खर्रा चालू

मैत्रिणींनो, घरच्या माणसाला हृदयाचा त्रास निघाला की आपण पहिली कात्री लावतो ती तुपाला. लावा, चूक नाही. पण आपल्या आर्वीच्या पानठेल्यावर खर्रा घोटून घेणाऱ्यांत तूप सोडलेले किती असतील, सांगा पाहू!

रक्तवाहिनी म्हणजे मोरीचा पाइप, त्यात चरबीचा गाळ साचतो, असं आपल्या मनात पक्कं बसलंय. खरा प्रकार निराळा आहे. वाईट कोलेस्टेरॉल वाहिनीच्या आतल्या नाजूक अस्तराखाली शिरतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, ती चरबी खाऊन फुगतात नि तिथंच अडकतात. भिंत आतून सुजते. वर टणक पापुद्रा धरतो. सूज धुमसतच राहिली तर तो झिजून पातळ होतो आणि एक दिवस पिकल्या गळवासारखा फुटतो. तिथं रक्ताची गुठळी झाली की वाट बंद! म्हणून तर काल लग्नात मिरवलेला माणूस आज छातीला हात लावून बसतो.

फिर्को या जर्मन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच ही सूज ओळखली होती. पुरावा मिळाला २०१७ साली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर रोग्यांवर एका औषधाची चाचणी झाली. त्यानं कोलेस्टेरॉल उतरलं नाही, फक्त सूज उतरली. तरी पुढचे झटके कमी झाले. मात्र काहींना जंतुसंसर्ग जिवावर बेतला.

तेव्हा ‘सूज’ ऐकून कपाटातली अंगदुखीची गोळी काढू नका हं! तसल्या बऱ्याच गोळ्या रोज घेतल्या तर हृदयाला उलट धोका वाढतो. डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी मात्र सोडू देऊ नका, ती सूजही उतरवते.

खर्रा, बिडी सुटलीच पाहिजे. आणि आपली मिसरीसुद्धा, बरं का. साखर नि रक्तदाब आटोक्यात हवा, पोटाचा घेर उतरायला हवा. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दात दाखवून घ्या.

पाळी गेल्यावर आपल्यालाही हा धोका वाढतो. छातीत दुखेलच असं नाही. दम लागणं, जबडा किंवा पाठ दुखणं, मळमळ, दरदरून घाम, असं एकाएकी झालं तर पित्त म्हणून सोडा पिऊन पडून राहू नका. १०८ ला फोन लावा, उपजिल्हा रुग्णालय गाठा आणि ईसीजी काढायला सांगा. स्वयंपाक राहिला तर राहू द्या.