उलटतपासणी हवीच

उलटतपासणी म्हणजे साक्षीदाराचा अधिकृत छळ, हे मागील अंकातील पत्रातले मत पटण्यासारखे नाही. सरतपासणीत सूचक प्रश्नांना सहसा मनाई असते. उलटतपासणीत ते चालतात, कारण साक्षीदार विरुद्ध पक्षाने आणलेला असतो. पोलिसांना ‘अंधारात चेहरा दिसला नाही’ असे सांगणारा साक्षीदार कोर्टात आरोपीकडे बोट दाखवतो, तेव्हा जबाबातला नेमका तो भाग त्याच्यापुढे ठेवूनच विसंगती नोंदवावी लागते. हे टाळले, तर निरपराध माणूस तुरुंगात जाईल. अपमान वा त्रास देण्यासाठीचे प्रश्न न्यायालयाने रोखलेच पाहिजेत, असे भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम १५५ सांगते. बलात्काराच्या खटल्यात संमतीच्या मुद्द्यावर पीडितेचे पूर्वीचे लैंगिक संबंध उकरण्यासही बंदी आहे. न्यायाधीशांनी हे अधिकार प्रश्न येताक्षणीच वापरावेत.