चावी आत, चालक बाहेर

कीलेस गाडी घेतली की चावी आत राहून दार लागण्याची भानगडच उरत नाही, असे शोरूममध्ये ग्राहकाला सांगतात, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. तरी मूल, पोंभुर्णा, गोंडपिपरी या पट्ट्यात ज्यांचे गॅरेज आहे त्यांना ‘भाऊ, चाबी गाडीतच राहिली’ हा फोन अजून येतो. पूर्वी फोन करणारा स्वतःला शिव्या घालायचा, आता गाडीला घालतो. गाडीची बाजू मांडायला कंपनीचा माणूस पोंभुर्ण्यात नसतो, तो चंद्रपूरला किंवा नागपूरला असतो. इथे उत्तर द्यायला आपण असतो. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे. ही यंत्रणा चालकाला बाहेर अडकू देत नाही, पण तिच्यातल्या चार-पाच बारीकसारीक वस्तू धड असतील तरच. आणि त्या धड आहेत का, हे सर्व्हिसिंगला आलेल्या गाडीत सहसा कोणी बघत नाही.

चावी आत राहणे हा जुना रोग आहे. अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी, मारुती 800 या पिढीतल्या बऱ्याच गाड्यांत आतली खुंटी दाबायची, बाहेरचे हॅन्डल उचलून धरायचे आणि दार आपटायचे, की चावीशिवाय कुलूप लागे. सोय म्हणून दिलेली ही युक्तीच चालकाला बाहेर काढायची. मग मिस्त्री स्टीलची पट्टी घेऊन यायचा. परदेशात यावर पहिला उतारा फोर्डने 1980 मध्ये काढला. चालकाच्या दारावर आकड्यांची बटणे दिली, नंबर दाबला की दार उघडे. 1982 मध्ये रेनॉच्या फ्युएगो गाडीत रिमोट आला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये चावी खिशातच ठेवून दार उघडायची सोय झाली. तीच आज छोट्या हॅचबॅकच्या वरच्या मॉडेलमध्ये मिळते आणि तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराच्या अंगणातही उभी असते.

इथे एक गफलत आपल्या धंद्यातले लोकही करतात. रिमोटची गाडी आणि कीलेस गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसत्या रिमोटच्या गाडीला चावी कुठे आहे याचा पत्ता नसतो. बटण दाबले गेले एवढेच तिला कळते, मग ते अंगठ्याने दाबलेले असो की पर्समध्ये डब्याच्या झाकणाखाली चेपलेले. कीलेस गाडी मात्र चावीला हाक मारते. हॅन्डलमध्ये फेराइटच्या दांडीवर तांब्याची तार गुंडाळलेला अँटेना असतो. तसेच अँटेना आत गिअरच्या आसपास, मागच्या सीटजवळ आणि डिक्कीतही असतात. हॅन्डलवरचे बटण दाबले की हे अँटेना साधारण 125 किलोहर्ट्झवर हाक देतात आणि चावी 433 मेगाहर्ट्झच्या आसपास उत्तर देते. हाकेला इतकी कमी फ्रिक्वेन्सी मुद्दाम घेतली आहे. या चुंबकीय क्षेत्राचा जोर अंतराच्या घनाने घटतो, म्हणजे अंतर दुप्पट झाले की जोर आठव्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे मीटर-दीड मीटरच्या पलीकडे हाक पोचत नाही आणि आत-बाहेरची हद्द बऱ्यापैकी ठळक आखता येते. कोणत्या अँटेनाची हाक किती जोरात ऐकू आली हे चावी मोजते आणि कळवते. त्यावरून गाडी ठरवते की चावी सीटवर आहे की मालकाच्या खिशात. आत असेल तर दार लावायला नकार देते आणि पीं-पीं करून सांगते.

मग चावी आत राहते कशी? हॅन्डलच्या बटणाने सहसा राहत नाही, कारण त्या बटणाने दार लावायचे तर गाडीला आधी बाहेर एक चावी सापडावी लागते. घोटाळा दुसऱ्या वाटांनी होतो. दार उघडे असताना आतले लॉकचे बटण दाबून तसेच दार लोटले, तर गाडी आत चावी शोधते. ती सापडली तर कुलूप परत उघडते, नाही सापडली तर दार लागून जाते. नुसती डिक्की उघडून सामान ठेवले, सामानाबरोबर पर्सही ठेवली आणि झाकण आपटले, तर तोच प्रकार. रिमोटने कुलूप उघडून कोणतेही दार उघडले नाही, तर ठरावीक वेळाने, बऱ्याच गाड्यांत अर्ध्या मिनिटाने, ती आपणहून परत लॉक होते. नवरा-बायको दोघांकडे एकेक चावी असेल आणि एक आत राहिली, तर काही गाड्या बाहेरच्या चावीवर खुशाल लॉक होतात. मग बाहेरची चावी खिशात घेऊन एक जण बसने निघून गेला की दुसरा गाडीजवळ उभा.

या प्रत्येक वाटेवर गाडीला आतली चावी सापडणे हाच कळीचा मुद्दा आहे, आणि ती न सापडायची कारणे आपल्या टेबलावर रोज येतात. पहिले कारण सेल. सीआर 2032 चा नवा सेल मीटरवर तीन व्होल्टच्या थोडा वर दिसतो. अर्धा मेलेला सेलही भार नसताना तीनच्या आसपास दाखवतो आणि चावीने उत्तर द्यायला सुरुवात केली की बसतो. म्हणून नुसता मीटर टेकवून ‘सेल चांगला आहे’ म्हणू नये, थोडा भार लावून बघावे. हे सेल काही उत्पादक साधारण 60 अंशांपर्यंतच वापरायला सांगतात. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात 46-47 वर जातो, तेव्हा बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या चावीचे काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. कंपनीच्या पुस्तकात लिहिले आहे म्हणून दोन वर्षे वाट बघण्यापेक्षा आपल्या भागात दर उन्हाळ्याच्या तोंडी सेल बदलावा, असे आमचे मत आहे.

दुसरे कारण जागा. डॅशबोर्डच्या वर, ग्लव्ह बॉक्समध्ये, दाराच्या खिशात, डिक्कीच्या कोपऱ्यात चावी सापडेलच असे नाही, हे कंपन्यांच्या पुस्तकांतच छापलेले असते आणि ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून कोणी काढत नाही. पत्र्याच्या डब्यात चावी गेली की हाक आत पोचत नाही. मोबाइलचा वायरलेस चार्जर साधारण 110 ते 205 किलोहर्ट्झवर चालतो, म्हणजे चावीच्या हाकेच्याच पट्ट्यात. त्या पाटावर फोनला चिकटून ठेवलेली चावी गाडीला बहिरी वाटली तर नवल नाही.

यात चोरीच्या भीतीने नवी भर घातली आहे. 2011 मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिले की घरातल्या चावीचा आणि बाहेरच्या गाडीचा संवाद दोन यंत्रे लावून लांबवता येतो आणि गाडी फसते. तेव्हापासून सिग्नल अडवणाऱ्या पिशव्या विकल्या जातात आणि लोक घेतातही. घरी चावी त्या पिशवीत ठेवणे ठीक. पण पिशवीसकट चावी सीटवर टाकून दार लोटले, तर चोराला अडवणारी पिशवी गाडीलाही अडवते. ग्राहकाला पिशवी विकत असाल तर हेही सांगा.

उलट बाजूची तक्रारही येते. इंजिन चालू असताना चावी गाडीबाहेर गेली तर गाडी ओरडते, पण बंद पडत नाही. धावत्या गाडीचे इंजिन बंद करणे धोक्याचे, म्हणून तशी रचनाच नाही. मालक चावी खिशात घेऊन चंद्रपूरच्या बसस्टँडवर उतरतो, मुलगा गाडी घेऊन पोंभुर्ण्याकडे निघतो, वाटेत पेट्रोल भरायला इंजिन बंद करतो, आणि तिथून पुढे ढकलगाडी. स्कॅनर लावून उपयोग नाही, कारण गाडीत बिघाडच नसतो. फोनवर आधी ‘चावी कुणाजवळ आहे?’ एवढे विचारले तर आपली फेरी वाचते.

कंपनीच्या कीलेसपेक्षा जास्त त्रास बाहेरून बसवलेल्या सेंट्रल लॉकिंगचा आहे, आणि त्यात दोष आपल्याकडे येतो. स्वस्त डबा, चार मोटरी, आणि दाराच्या स्विचची वायर गाडीतल्या दिव्यातून मारलेली. दाराचा स्विच गंजला की डब्याला दार उघडे आहे हे कळत नाही. चालक खाली उतरून उभा असतो आणि डबा मागून लॉक मारतो. काही डबे इंजिन चालू झाले की दारे लावतात. वनोपज तपासणी नाक्यावर कागद दाखवायला चालक एसी चालू ठेवून उतरला, दार मागे लोटले, की गाडी आतून धडधडत राहते आणि चावी तिच्यातच. फोनही चार्जरला लावलेला, तोही आत. असा डबा बसवताना दाराच्या स्विचला स्वतंत्र वायर आणि पक्की अर्थ द्यावी, आणि इग्निशनवर लॉक होण्याची सोय बंद करून द्यावी. ग्राहकाने मागितली तरी त्याला दोनदा विचारावे.

इथल्या रस्त्यांवर ही नुसती गैरसोय नसते. शेत संपले की रान लागते, संध्याकाळी रस्त्यावर माणूस नसतो, काही वळणांवर फोनला रेंज नसते, आणि वाघ असलेल्या भागात दिवेलागणीनंतर गाडीबाहेर उभे राहणे म्हणजे काय हे पोंभुर्णा वनपरिक्षेत्रातल्या गावांना शिकवायला नको. त्याहून वाईट म्हणजे मूल आत राहणे. 2005 मध्ये ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात आलेल्या अमेरिकन अभ्यासात उन्हात उभ्या बंद गाडीतले तापमान तासाभरात सरासरी 22 अंशांनी वाढले, आणि त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. 2023 च्या जूनमध्ये नागपूरच्या पाचपावली भागात उभ्या गाडीत तीन लहान मुले मृत सापडली, ती बातमी आपण सगळ्यांनी वाचली आहे. चावी शोधणारे अँटेना मूल शोधत नाहीत. गॅरेजच्या आवारात महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाड्यांची दारे बंद आहेत का, हे रोज संध्याकाळी बघणे आपलेच काम आहे. आणि मूल आत आहे असा फोन आला, तर पट्टी, तार, हवेची पिशवी यांचा विचार करत बसू नये. 112 ला फोन करायला सांगावे, आणि मुलापासून लांबची बाजूची काच कोपऱ्यात टोकदार वस्तूने फोडायला सांगावे. समोरची काच दोन थरांची असते, ती फुटून पडत नाही.

मूल आत नसेल तर घाई नको. कीलेस चावीच्या पोटात पात्याची साधी चावी असते आणि चालकाच्या हॅन्डलवर, कधी एका टोपीखाली, तिचे भोक असते. पण ती चावीही आतच राहिली म्हटल्यावर दुसरी हवी. आणि दुसरी चावी कुठे असते? पुष्कळदा त्याच गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये. हसू नका, आपल्यापैकी कितीतरी जणांनी पाहिले आहे. सेकंडहँड गाडीबरोबर तर बहुधा एकच चावी येते. अशा मालकाला गाडी घेतल्या घेतल्या दुसरी चावी करून घ्यायला लावा. रस्त्यावर अडकल्यावर कोड आणि स्कॅनर शोधण्यापेक्षा ते स्वस्त पडते. भोकात चावी घालून बघितली आहे का, हेही विचारा. गडचांदूरकडच्या गाड्यांत सिमेंटची धूळ आणि घुग्घुसकडच्या गाड्यांत कोळशाची भुकटी वर्षानुवर्षे त्या भोकात बसते. गाडीची मोठी बॅटरी उतरते त्या दिवशी पाते फिरत नाही. तिथे तेल ओतू नका, धूळ चिकटून आणखी घट्ट होते. ग्रॅफाइटची पूड घाला.

जुनी स्टीलची पट्टी मात्र आता पेटीतून काढून ठेवलेली बरी. आजच्या दारात काचेची मोटर, स्पीकर, हॅन्डलच्या अँटेनाची वायर आणि काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचा सेन्सर असतो. पट्टीने दार उघडते आणि आठवड्याने तीच गाडी ‘हॅन्डलचे बटण चालत नाही’ म्हणून परत येते. कोणतेही दार उघडण्याआधी गाडी मागणाऱ्याचीच आहे का, हे मोबाइलमधल्या आरसीवरून आणि लायसन्सवरून पाहा आणि वहीत नोंद करा. ओळखीचा माणूस असला तरी करा. गावात वाईटपणा येतो, पण पोलीस विचारायला आले की वहीच बोलते.

सर्व्हिसिंगला आलेल्या प्रत्येक कीलेस गाडीची एक साधी तपासणी सुरू करा. आधी चालकाची काच पूर्ण खाली घ्या, नाहीतर तपासणी करतानाच आपण बाहेर राहू. मग चावी सीटवर, डिक्कीत, डॅशबोर्डवर अशी पाळीपाळीने ठेवून आतले बटण दाबा आणि दार लोटा. कुठे गाडी नकार देते आणि कुठे गप्प राहते, ते ग्राहकासमोर दाखवा आणि जॉबकार्डवर लिहा. दोन्ही चाव्यांचे सेल, दाराचे चारही स्विच आणि पात्याचे भोक त्याच वेळी बघून होते. याचे पैसे वेगळे लावा. फुकट केलेले काम दुसऱ्या महिन्यात बंद पडते, हा आपल्या धंद्याचा अनुभव आहे. ज्या गाड्या चावी आत असताना गप्प राहतात, त्यांचे मॉडेल, साल आणि चावीची जागा आम्हाला लिहून पाठवा. ती यादी पावसाळ्याच्या अंकात छापू.