करडई विका, पण औषध म्हणून विकू नका

करडई बोंडावर आली आहे, मावा यंदा कमी आहे, त्याचं सविस्तर उद्या लिहीन. आज दुसरं लिहितो. घाणेवाल्या मित्रांना राग येईल, येऊ द्या.

आपल्याकडं लाकडी घाणे वाढले, चांगलं झालं. मी स्वतः करडई पेरतो, घाण्यावर नेतो, तेल विकतो. पण बोर्डावर काय लिहिताय भाऊ? "कोलेस्टेरॉल फ्री. हार्ट ब्लॉकेज साफ." यातलं पहिलं बिनकामाचं आणि दुसरं खोटं.

कोलेस्टेरॉल फक्त प्राण्यांपासून आलेल्या खाण्यात असतं. अंड्याचा बलक, मटण, दूध, तूप. झाडाच्या बियांत ते मोजण्याइतकं नसतंच. करडईत नाही तसं पामतेलात नाही, खोबरेल तेलात नाही, आणि वनस्पती तुपातही नाही. मग करडईचा वेगळा गुण कोणता सांगितला तुम्ही? बैल घेताना "याला शिंगं दोनच आहेत" म्हणून कोणी जास्त पैसे मागतं का?

खरा हिशोब वेगळा आहे. अंगातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच बनवतं. रिपोर्टात एलडीएल लिहिलेलं असतं, ते वाढलं की रक्तवाहिनीच्या आत थर धरतो. आणि ते वाढवण्यात खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीचा हात मोठा, म्हणजे थंडीत गोठते ती. खोबरेल तेलात ती शेकडा नव्वदच्या आसपास, पामतेलात निम्मी, शेंगदाण्यात साधारण पाचवा हिस्सा, करडईत दहाच्या आत. हा करडईचा गुण! हा लिहा ना बोर्डावर. ट्रान्स फॅट तर त्याहून वाईट, ते एलडीएल वाढवतं आणि चांगलं एचडीएल घटवतं. सरकारनं २०२२ पासून तेल-वनस्पतीत ते २ टक्क्यांवर आणलं, पण चतुर्थीला एकाच कढईत दिवसभर तेच तेल उकळत असेल तर कायदा काय करणार.

आता "ब्लॉकेज साफ". कोणतंही तेल पिऊन साचलेला थर धुऊन निघत नाही, ती काय ठिबकची नळी आहे ॲसिड सोडून साफ करायला? आमच्या एका पाहुण्याला एका प्रदर्शनात तेलवाल्यानं सांगितलं, गोळी सोडा, दोन चमचे तेल घ्या. त्यांनी गोळी सोडली. चार महिन्यांत छातीत कळ आली, संभाजीनगरला नेऊन स्टेंट टाकावा लागला. गोळी सोडल्यामुळंच झालं असं मी छातीठोक म्हणणार नाही, मी दहावी पास माणूस. पण तेलवाला तर छातीठोक बोलला होता. तो कितवी पास?

आणि करडईवाल्यांनी हेही ऐकून ठेवा. १९६६ ते १९७३ मध्ये सिडनीत हृदयविकार होऊन गेलेल्या पुरुषांना करडईचं तेल देऊन पाहिलं. कोलेस्टेरॉल उतरलं, पण त्या गटात मृत्यू जास्त निघाले. जुने आकडे शोधून २०१३ साली हे पुन्हा छापलं गेलं. एका प्रयोगानं करडई वाईट ठरत नाही, पण एकच तेल म्हणजे अमृत ही भाषा मात्र तिथं संपते. करडईत ओमेगा-सहा भरपूर, ओमेगा-तीन जवळपास नाही. ते जवसात आहे. आपल्या म्हाताऱ्या ज्वारीत करडईचे तास टाकायच्या, कडेला जवस पेरायच्या, जवसाची चटणी रोज ताटात असायची. घरात शेंगदाणा, तीळ, कारळ सगळं आलटून पालटून यायचं. ते सगळं सोयाबीन-कपाशीनं खाल्लं, आणि आता आपण पामतेलाचं पाकीट आणतो.

दुसऱ्या बाजूचे शहाणेही आहेत, "आजोबा वाटीभर तूप प्यायचे, काय झालं त्यांना?" आजोबा मोटेनं पाणी काढायचे. तुम्ही मोबाइलवरून मोटर चालू करता.

माणशी दिवसाला २५ ग्रॅम धरा. चार माणसांना महिन्याला तीन किलो झालं. तुमच्या घरी किती लागतं ते किराणाच्या चिठ्ठीवर बघा. पाच किलोचा डबा वीस दिवसांत संपत असेल तर तेल कोणतं हा प्रश्न नंतरचा.

सरकारचंही सांगतो. मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं. बाहेरचं तेल स्वस्त झालं की आमचं पडून राहतं. करडईचा हमीभाव २०२५-२६ ला ५,९४० जाहीर झाला, पण भाव नुसता जाहीर करून काय, खरेदी केंद्र कुठंय? ही लढाई खरी आहे, ती लढू. पण आजारी माणसाला फसवून आलेल्या पैशावर करडई जगवायची नाही.

ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी ती डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका. माझं तेल घेणाऱ्यालाही मी हेच सांगतो, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

घाणेवाल्यांनी कॉमेंटमध्ये या, पण बोर्डाचा फोटो टाकून बोला.